ब्लॉक जॅकोबी चौथ्या स्वीपनंतर अडकून बसतंय, कोणाला अनुभव?

चौथी_ओळ

मंडळी, तीन दिवस डोकं पिकलंय म्हणून धागा काढतोय. माझ्याकडे २०० बाय २०० ची सिमेट्रिक (डायगोनलच्या, म्हणजे कर्णाच्या, दोन्ही बाजूंना सारखी) मॅट्रिक्स आहे, ५०-५० चे चार ब्लॉक पाडलेत. तिचं डायगोनलायझेशन (डायगोनल सोडून बाकी सगळे आकडे शून्य करणं, मग डायगोनलवर उरतात त्या आयगेनव्हॅल्यू) ब्लॉक जॅकोबीने करतोय. म्हणजे दोन ब्लॉक निवडायचे, त्या दोघांची मिळून १०० बाय १०० ची तुकडा-मॅट्रिक्स उचलायची, तिला लायब्ररीच्या सॉल्व्हरकडे देऊन पूर्ण डायगोनल करून घ्यायची, जी ऑर्थोगोनल (लांबी न बदलता फिरवणारी) मॅट्रिक्स मिळेल ती मोठ्या मॅट्रिक्सला दोन्ही बाजूंनी लावायची आणि पुढची जोडी घ्यायची. चार ब्लॉकच्या सहा जोड्या, त्या संपल्या की एक स्वीप.

प्रत्येक स्वीपनंतर मी 'ऑफ' छापतो, म्हणजे डायगोनल सोडून बाकी सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ. सुरुवातीला साधारण २००, मग ८१, मग ३१, मग १९.६, मग १९.२ आणि मग १९.२. आणि मग १९.२. चाळीस स्वीप झाले तरी १९.२ च, पाचव्या दशांशातसुद्धा हलत नाही. रँडम मॅट्रिक्स बदलून पाहिली, आकडा बदलतो पण अडकायचं ते अडकतंच.

आता प्रश्न असा की ब्लॉक करून जॅकोबी चालवलं तर कन्व्हर्जन्सची, म्हणजे शेवटी उत्तरापर्यंत पोचण्याची, गॅरंटीच नसते का? की माझ्याच कोडमध्ये माती खाल्लीय? साध्या, एकेका आकड्याच्या जॅकोबीने हीच मॅट्रिक्स निमूटपणे डायगोनल होते, तेही तपासलंय.

वाचनमात्र

वाचतेय. (समजत काही नाहीये पण वाचतेय.)

हाताशी_असेल_ते

२०० बाय २०० साठी एवढा खटाटोप? सरळ अख्खी मॅट्रिक्स सॉल्व्हरला द्या, डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येईल.

चौथी_ओळ

२०० ची नुसती चाचणी आहे हो. खरी मॅट्रिक्स एका मशीनच्या मेमरीत मावत नाही, ब्लॉक वेगवेगळ्या मशीनवर राहणार, म्हणून तर हे सगळं.

मी_पामर

मॅट्रिक्स डायगोनली डॉमिनंट आहे का? जॅकोबी त्याशिवाय कन्व्हर्ज होत नाही, कॉलेजात हेच शिकवलं होतं. प्रत्येक ओळीत डायगोनलचा आकडा बाकीच्यांच्या बेरजेपेक्षा मोठा पाहिजे. रँडम मॅट्रिक्समध्ये तो कुठून असणार? मला वाटतं इथेच उत्तर आहे.

आडवातिडवा

पामर, गल्ली चुकली. तुम्ही म्हणताय ते समीकरणं सोडवायचं जॅकोबी, ज्यात आधीच्या फेरीतल्या किमती टाकून नव्या काढतात. त्याला डॉमिनन्स लागतो (खरं तर डॉमिनन्स 'पुरेसा' आहे, 'लागतोच' असं नाही, पण ते सोडा). इथे विषय आयगेनव्हॅल्यूच्या जॅकोबीचा आहे. माणूस तोच, पद्धत वेगळी. ही १८४६ ची, यात रोटेशन लावून एकेक आकडा शून्य करत जायचं, आणि हिला सिमेट्रिक असण्यापलीकडे कुठलीच अट लागत नाही.

अवांतर: जॅकोबीने ती पद्धत ग्रहांच्या कक्षांच्या हिशोबासाठी काढली होती, ७ बाय ७ चं कोष्टक. सातच, कारण नेपच्यून सापडला त्याच वर्षी सप्टेंबरात. दोन-चार महिने थांबला असता तर बिचाऱ्याला ८ बाय ८ करावं लागलं असतं, तेही हाताने!

मी_पामर

अरेच्चा, हे दोन वेगळे आहेत हे मला आजच कळलं. प्रतिसाद मागे घेतो. नावाला पामर आहेच.

रात्रपाळी

धागालेखक, आधी एक गोष्ट पक्की करू. तुमचा ऑफ कधी वर गेला का? एकदा तरी, एका जोडीनंतर तरी? कारण तो वर जाऊच शकत नाही. ऑर्थोगोनल मॅट्रिक्स दोन्ही बाजूंनी लावली की सगळ्या आकड्यांच्या वर्गांची एकूण बेरीज तेवढीच राहते. तुकड्यातलं जे ऑफ-डायगोनल होतं ते शून्य झालं म्हणजे ते सगळं डायगोनलवर जाऊन बसलं. तुकड्याबाहेरच्या आकड्यांची आपापसात अदलाबदल होते पण त्यांची बेरीज हलत नाही. म्हणजे प्रत्येक जोडीनंतर ऑफचा वर्ग बरोब्बर तेवढ्याने कमी होतो जेवढं त्या तुकड्यात होतं. वर जात असेल तर सरळ बग आहे, पुढे बोलायलाच नको.

चौथी_ओळ

नाही, कधीच वर गेला नाही. प्रत्येक जोडीनंतर छापून पाहिलं. आधी उतरतो आणि मग सपाट.

रात्रपाळी

मग हे जास्त इंटरेस्टिंग आहे. सपाट म्हणजे तुम्ही जो तुकडा उचलता त्यात दर वेळी ऑफ-डायगोनल काही नसतंच. माल १९.२ चा आहे, पण तुम्ही ज्या खोलीत जाता तिथे तो नसतो.

घनमूळ

आमच्याकडे ब्लॉक-डायगोनलायझेशन म्हणजे वेगळंच असतं. आम्ही हॅमिल्टोनियनचे (ऊर्जेच्या मॅट्रिक्सचे) दोन ब्लॉक घेतो, खालच्या ऊर्जेचा आणि वरच्या ऊर्जेचा, आणि फक्त त्यांच्यातलं कपलिंग (दोघांना जोडणारे आकडे) शून्य करतो, ब्लॉकच्या आत काय आहे त्याला हात लावत नाही. श्रिफर-वुल्फ पद्धत, १९६६. तिथेही इटरेशन (तीच पायरी पुन्हा पुन्हा करणं) आहे आणि तिथेही कन्व्हर्जन्सचा घोळ आहे, म्हणून इथे सांगतो.

सगळ्यात छोटं उदाहरण घ्या, एकेका आकड्याचे दोन ब्लॉक. डायगोनलवर ० आणि द, बाजूला ब. आयगेनव्हेक्टर, म्हणजे मॅट्रिक्सने गुणलं तरी ज्याची दिशा बदलत नाही तो, (१, क्ष) असा धरला की समीकरण येतं: क्ष = (ब/द) × (क्ष² − १). मोठ्या ब्लॉकसाठी हेच रिकाटी समीकरण होतं, क्षच्या जागी मॅट्रिक्स. सोडवायची भोळी पद्धत म्हणजे क्ष = ० पासून सुरू करून उजवीकडे टाकत राहायचं. ब/द अर्धा असेल तर ०, −०.५, −०.३७५, −०.४३०, −०.४०८ असं झुलत झुलत −०.४१४ ला पोचतं. छान. आता ब आणि द सारखे घ्या. क्ष = क्ष² − १. शून्य टाका, −१. −१ टाका, ०. शून्य टाका, −१. बसा आयुष्यभर! आणि गंमत म्हणजे उत्तर अस्तित्वात आहे, −०.६१८, सोनेरी गुणोत्तरवालं, समोर उभं आहे आणि इटरेशन त्याच्या दोन्ही बाजूंना उड्या मारतंय.

या छोट्या उदाहरणात ब/द साधारण ०.८६६ च्या वर गेलं की हे होतं (तीनचं वर्गमूळ भागिले दोन, एका ओळीत काढता येतं). मोठ्या ब्लॉकसाठी स्टुअर्टची १९७३ ची अट आहे: दोन्ही बाजूंच्या कपलिंगच्या नॉर्मचा (एकूण आकाराचा) गुणाकार हा ब्लॉकमधल्या अंतराच्या वर्गाच्या चौथाईपेक्षा कमी हवा. ती पाळली की निवांत. न्यूटनची पद्धत लावलीत तर ब = द ला सुद्धा ०, −१, −०.६६७, −०.६१९, संपलं.

तर धागालेखकांनी आपल्या ब्लॉकमधलं अंतर तपासावं असं सुचवतो.

आडवातिडवा

उदाहरण झकास, पण धागालेखकाला लागू नाही. ते दर पायरीला तुकडा पूर्ण सोडवतात, त्यात कपलिंग लहान हवं वगैरे भानगड नसते. कपलिंग कितीही मोठं असो, तुकड्यातलं शून्य होतंच.

घनमूळ

मान्य. तरीही '१९.२ आणि मग १९.२' हे बघून मला माझं ०, −१, ०, −१ आठवलं. दोनच्या चक्रात अडकल्याचा वास येतोय.

कामाशी_काम

थिअरीची मंडळी एकत्र आली की साध्या गोष्टीचा गोंधळ होतो. मी कित्येक वर्षं हे कोड वापरतोय, ब्लॉक जॅकोबी प्रत्यक्षात नेहमी कन्व्हर्ज होतं. गॅरंटी वगैरे पेपर छापण्यासाठी असते. बग आहे, बग शोधा.

रात्रपाळी

'प्रत्यक्षात नेहमी' म्हणजे तुमच्या प्रत्यक्षात. त्याच्या प्रत्यक्षात १९.२ आहे.

कामाशी_काम

म्हणूनच म्हणतोय ना, बग.

तिरका_कोन

उशिरा आलो, पण दोघंही बरोबर असाल असं वाटतंय.

धागालेखक, सॉल्व्हर तुम्हाला आयगेनव्हॅल्यू कुठल्या क्रमाने देतो? बहुतेक चढत्या. म्हणजे १०० पैकी धाकट्या ५० पहिल्या ब्लॉकमध्ये, थोरल्या ५० दुसऱ्यात. आता कल्पना करा की तुकडा आधीच डायगोनल आहे, पण थोरले पहिल्या ब्लॉकमध्ये बसलेत. खरं तर काहीच करायची गरज नाही. पण सॉल्व्हर काय करेल? दोन्ही ब्लॉकची अदलाबदल करून देईल. तेही ऑर्थोगोनलच आहे, ९० अंशाचं रोटेशन. शून्य केलेलं काहीच नाही, फक्त सामान हलवलं.

आणि सामान हलवणं निरुपद्रवी नसतं. कागद घ्या, ३ बाय ३ काढा. डायगोनलबाहेर फक्त (१,३) या जागी एक आकडा आहे, बाकी (१,२) आणि (२,३) शून्य. क्रम नेहमीचा: (१,२), (१,३), (२,३).

(१,२) ला गेलात, तिथे शून्य आहे, पण अदलाबदल झाली. पहिली आणि दुसरी ओळ बदलली, म्हणजे (१,३) वरचा आकडा (२,३) वर गेला.
(१,३) ला गेलात, आता तिथे शून्य! पहिली-तिसरी बदलली, (२,३) वरचा आकडा (१,२) वर गेला.
(२,३) ला गेलात, तिथे शून्य. दुसरी-तिसरी बदलली, (१,२) वरचा आकडा (१,३) वर.

स्वीप संपला. आकडा जिथून निघाला तिथेच परत, तुमच्या हाताला एकदाही न लागता. लपंडावच. असे हजार स्वीप करा.

वाचनमात्र

हे मी खरंच कागदावर काढून बघितलं. अंगावर काटा आला. पहिल्यांदाच या धाग्यातलं काहीतरी समजलं!

कामाशी_काम

तिरका कोन, उदाहरण बरोबर, पण एक हिशोब राहिला. सॉल्व्हर चढता क्रम देतो म्हटल्यावर एका स्वीपमध्ये सगळे आकडे चढत्या क्रमाने लागतील आणि पुढच्या स्वीपला अदलाबदलीचं कारणच उरणार नाही. मग (१,३) वरचा आकडा सापडेल आणि मरेल. माझ्या कोडमध्ये पण चढताच क्रम आहे, कधी अडकलं नाही.

तिरका_कोन

बरोबर पकडलंत, मी पण तिथेच अडखळलो होतो. पहिल्या स्वीपला तिन्ही अदलाबदली व्हायला सुरुवातीचा क्रम उतरता हवा, आणि नंतर तो चढता होतो. चक्र चालू राहायचं तर दुसऱ्या स्वीपला कोणीतरी उलटा क्रम मागायला हवा. म्हणून धागालेखकाला थेट विचारतो: एक स्वीप सोडून एक स्वीप तुम्ही काही वेगळं करता का?

चौथी_ओळ

...

करतो.

सांगायलाच लाज वाटतेय. कुठेतरी ऐकलं होतं की एक फेरी पुढून आणि एक मागून केली तर पक्षपात राहत नाही, बॅलन्स राहतो. म्हणून सम स्वीपला मी जोडीतल्या दोघांची अदलाबदल करून फंक्शनला देतो. (१,३) ऐवजी (३,१). जोड्यांचा क्रम तोच ठेवला. मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे, जोडी तीच आहे, काय फरक पडणार असं वाटलं. म्हणजे विषम स्वीपला धाकट्या आयगेनव्हॅल्यू आधीच्या ब्लॉकमध्ये जातायत आणि सम स्वीपला नंतरच्या.

हाताशी_असेल_ते

बॅलन्स फारच चांगला राहिला की. इतका की काही हलतच नाही. (हलके घ्या.)

तिरका_कोन

सापडलं! लाज कसली, हे तर पोरांना शिकवायचं उदाहरण आहे. थांबा, आता कोड न बघता भविष्य सांगतो. चार ब्लॉकना अ, ब, क, ड म्हणा आणि सहा जोड्यांमध्ये दर वेळी पूर्ण अदलाबदल होते असं धरा.

अबकड. (१,२): अ-ब भेटले, झालं बअकड. (१,३): ब-क भेटले, कअबड. (१,४): क-ड भेटले, डअबक. (२,३): पुन्हा अ-ब, डबअक. (२,४): पुन्हा ब-क, डकअब. (३,४): पुन्हा अ-ब, डकबअ.

म्हणजे सहा भेटी झाल्या पण भेटले फक्त शेजारी-शेजारी: अब, बक, कड. अक, अड, बड हे कधी समोरासमोर आलेच नाहीत. पुढच्या स्वीपला उलटं मागितलं की डकबअ वरून परत अबकड, तेव्हाही भेटतात ते शेजारीच. तर तुमचं कोड अडकल्यावर सहाही ब्लॉक-जोड्यांचे नॉर्म वेगवेगळे छापा. माझा अंदाज: (१,२), (२,३), (३,४) इथे शून्य, आणि (१,३), (१,४), (२,४) मध्ये सगळा माल.

रात्रपाळी

पैज घ्यायला हवी होती कोणीतरी.

चौथी_ओळ

छापलं. चाळिसाव्या स्वीपनंतर:

(१,२): १० चा उणे १३ वा घात
(२,३): तसंच
(३,४): तसंच
(१,३): ७.९
(१,४): ६.८
(२,४): ८.७

वर्ग करून बेरीज, दुप्पट, वर्गमूळ: १९.२०. साष्टांग नमस्कार घ्या _/\_

वाचनमात्र

टाळ्या!!

मी_पामर

म्हणजे दोघंही बरोबर होते. बगही आहे आणि गॅरंटीही नाही.

तिरका_कोन

पामर, नेमकं. आणि इथेच मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. एकेका आकड्याच्या जॅकोबीसाठी फोर्साइथ आणि हेन्रिसी यांनी १९६० मध्ये सिद्ध केलं की ठरावीक क्रमाने, ओळीने जोड्या घेत गेलात तरी कन्व्हर्ज होतं, पण कोन ९० अंशापासून पक्का लांब ठेवायचा. नेहमीच्या कोडमध्ये कोन उणे ४५ ते ४५ मध्येच निवडतात, त्यामुळे आपोआप भागतं आणि कोणाला ही अट आठवतही नाही. धागालेखकाचं साधं जॅकोबी म्हणूनच निमूट चाललं.

ब्लॉकमध्ये कोन म्हणजे काय? १०० बाय १०० च्या ऑर्थोगोनल मॅट्रिक्सचा वरचा डावा ५० बाय ५० चा कोपरा म्हणजे 'कोसाइन'. २ बाय २ मध्ये कोसाइन शून्याजवळ जाऊ द्यायचा नाही, तसं इथे त्या कोपऱ्याची सगळ्यात लहान सिंग्युलर व्हॅल्यू (तो कोपरा व्हेक्टरला कमीत कमी किती ताणतो ते) शून्याजवळ जाऊ द्यायची नाही. पूर्ण अदलाबदलीत तो कोपरा सगळाच शून्य असतो, म्हणजे थेट ९० अंश.

आणि यावर उपाय फुकटात आहे. आयगेनव्हेक्टर (त्या ऑर्थोगोनल मॅट्रिक्सचे कॉलम) कुठल्या क्रमाने लावायचे हे आपल्या हातात असतं, क्रम बदलला तरी तुकडा डायगोनलच राहतो. तर वरच्या ५० ओळी घ्या, ५० बाय १०० ची पट्टी, तिच्यावर कॉलम पिव्होटिंगवालं क्यूआर (मॅट्रिक्सचे दोन घटक पाडणं, त्यात दर वेळी उरलेल्यांतला सगळ्यात भरीव कॉलम आधी निवडणं) चालवा, ज्या क्रमाने ते कॉलम निवडेल तो क्रम आयगेनव्हेक्टरना द्या. मग कोपऱ्याची सगळ्यात लहान सिंग्युलर व्हॅल्यू एका मर्यादेच्या खाली जात नाही, आणि ती मर्यादा फक्त ब्लॉकच्या आकारावर ठरते, मॅट्रिक्सवर नाही. हे ड्रमाच या गणितज्ञाचं काम, २००९ चं, आणि त्यात ओळीने जाणाऱ्या ब्लॉक जॅकोबीच्या कन्व्हर्जन्सची सिद्धता आहे.

कामाशी_काम

मान्य करतो, सुंदर आहे. पण हेही लिहून ठेवा की अर्ग्युमेंट (जोडीतले दोन ब्लॉक) उलटे दिले नसते तर साध्या चढत्या क्रमानेही काम झालं असतं. दर तुकड्याला जास्तीचं क्यूआर कशाला?

तिरका_कोन

बहुतेक वेळा झालं असतं, हो. पण ५० व्या आणि ५१ व्या जागेच्या हद्दीवर आठ-दहा आयगेनव्हॅल्यू एकमेकींना चिकटून असल्या की चढता क्रमही दर वेळी वेगळा लागू शकतो, शेवटच्या दशांशांच्या हेलकाव्यावर. तिथे अदलाबदली चालू राहतात. आणि १०० बाय १०० सोडवायच्या खर्चापुढे ते पट्टीवरचं क्यूआर किरकोळ आहे हो.

नवखी_वाटसरू

प्रश्न बावळट असेल, पण मुळात इटरेशनच का? एखादं सूत्र लावून एका दमात डायगोनल करता येत नाही का, २ बाय २ ला करतो तसं?

आडवातिडवा

बावळट अजिबात नाही. आयगेनव्हॅल्यू म्हणजे एका बहुपदीची उत्तरं, आणि कुठलीही बहुपदी घेतली तरी ती कुठल्या ना कुठल्या मॅट्रिक्सची असते. पाचव्या घातापासून पुढे बेरीज-गुणाकार आणि मुळं वापरून सगळ्यांना चालेल असं सूत्र नाही, हे आबेलने १८२४ मध्येच सिद्ध केलं. त्यामुळे लायब्ररीत 'डायरेक्ट' म्हणून जे मिळतं तेही आतून इटरेशनच असतं. १९६१ च्या सुमाराला फ्रान्सिस आणि कुब्लानोव्हस्काया यांनी स्वतंत्रपणे काढलेलं क्यूआर अल्गोरिदम घ्या, इतक्या झटक्यात पोचतं की इटरेशन आहे हे विसरायला होतं.

(वरचं पट्टीवालं क्यूआर आणि हे क्यूआर अल्गोरिदम वेगळं बरं का. आधी दोन जॅकोबी, आता दोन क्यूआर. नावं ठेवण्यात या विषयाची लोकं कंजूष.)

कोपऱ्यातला

जरा वेगळा मुद्दा. मला सगळ्या आयगेनव्हॅल्यू नको असतात, वरच्या पाच-सहाच हव्या असतात, त्यामुळे जॅकोबीच्या वाटेला जात नाही. तिथे ब्लॉकचा फायदा निराळा असतो आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पॉवर मेथडमध्ये (व्हेक्टरला मॅट्रिक्सने पुन्हा पुन्हा गुणत जायचं) वेग ठरतो दुसरी भागिले पहिली यावर. पहिली १ आणि दुसरी ०.९९ असेल तर एक दशांश अंक मिळवायला साधारण २२९ फेऱ्या लागतात, बसा मोजत. तेच पाच व्हेक्टरचा ब्लॉक घेऊन चालवलं की पहिलीसाठी दुसरी विसरा, सहावी भागिले पहिली बघायची. सहावी ०.५ असेल तर तीन-चार फेऱ्यांत एक अंक. चिकटलेल्या सगळ्या ब्लॉकच्या आत घ्यायच्या, भांडण आतल्या आत मिटतं.

पण उलटही होतं. ब्लॉक ५ चा घेतला आणि पाचवी-सहावी चिकटलेल्या निघाल्या, तर पाचवीची वाट बघत बसावं लागतं. मी नेहमी दोन-तीन व्हेक्टर जास्तीचे घेतो, हव्या त्या आल्या की बाकीचे फेकून देतो.

घनमूळ

बघा, फिरून फिरून अंतरावरच आलो. मी म्हणत होतो.

रात्रपाळी

तुम्ही म्हणत होतात ते चुकीच्या रोगावर बरोबर औषध होतं. पण दोनच्या चक्राचा वास बरोबर आला होता तुम्हाला, ते मान्य करायला हवं.

चौथी_ओळ

अपडेट. अर्ग्युमेंट सरळ केले, बाकी काही बदललं नाही: सात स्वीपमध्ये संपलं. मग पट्टीवर क्यूआर लावून क्रम ठरवला: सहा. शेवटचे स्वीप बघायला मजा आली, ऑफ ०.४ वरून ०.००२, तिथून १० चा उणे ७ वा घात, तिथून थेट १० चा उणे १२ वर. सुरुवातीला रांगतं आणि शेवटी कडा उतरल्यासारखं जातं. हे असंच असतं का?

आणि एक नवीन शंका. खरी मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट (सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्यापेक्षा मोठ्या) आहे, तिच्या आयगेनव्हॅल्यू अगदी मोठ्यापासून अगदी बारीक असतात. मला बारीकही बरोबर हव्यात. ऑफ १० चा उणे १२ झाला की थांबतोय, पण माझी सगळ्यात धाकटी आयगेनव्हॅल्यूच १० चा उणे ११ च्या घरातली आहे.

तिरका_कोन

कडा उतरणं अपेक्षित आहे. आयगेनव्हॅल्यू वेगवेगळ्या असतील तर शेवटी क्वाड्रॅटिक होतं, दर स्वीपला बरोबर अंक साधारण दुप्पट. पण ते सुरू कधी होणार हे दोन आयगेनव्हॅल्यूंमधल्या सगळ्यात लहान अंतरावर आहे, ऑफ त्याच्यापेक्षा बराच खाली आला की मग कडा लागतो.

दुसऱ्या शंकेत मात्र थांबायची अट बदला. अख्ख्या मॅट्रिक्सच्या ऑफवर थांबलात तर धाकट्यांचा बळी जातो. प्रत्येक आकडा त्याच्या दोन डायगोनलच्या गुणाकाराच्या वर्गमूळाशी ताडून बघा, तो त्याच्या तुलनेत मशीनच्या अचूकतेएवढा लहान झाला की मगच सोडा. डेमेल आणि वेसेलिच यांनी १९९२ मध्ये दाखवलं की पॉझिटिव्ह डेफिनिट मॅट्रिक्सवर जॅकोबी असं चालवलं तर धाकट्या आयगेनव्हॅल्यूसुद्धा क्यूआर अल्गोरिदमपेक्षा जास्त अचूक मिळू शकतात. अट एकच, ओळी-कॉलम स्केल करून डायगोनल सगळा १ केल्यावर उरणारी मॅट्रिक्स वाईट, म्हणजे छोट्या चुका फार फुगवणारी, नको. म्हातारं असून जॅकोबी अजून लायब्ररीत टिकून आहे त्याचं हे मोठं कारण.

कामाशी_काम

आणि तुकडा सोडवायला आत जो सॉल्व्हर वापरताय तोही बघा. बाहेरून जॅकोबी आणि आत क्यूआर किंवा डिव्हाइड-अँड-कॉन्कर (तुकडे पाडून सोडवायची पद्धत), तर बारीक आयगेनव्हॅल्यू आतच मार खातील, बाहेरची अट कितीही कडक ठेवा. तुकड्याच्या आतही जॅकोबीच लावा. हे मी पेपर वाचून नाही, तोंड पोळून शिकलोय.

तिरका_कोन

+१. हे मी लिहायला हवं होतं.

चौथी_ओळ

आत डिव्हाइड-अँड-कॉन्करच आहे. उद्या बदलतो. आणि सम स्वीपवाली ओळ कोडमध्ये कॉमेंट करून ठेवलीय, पुसली नाही. शेजारी लिहिलंय: 'अक, अड, बड कधीच भेटत नाहीत'.

हाताशी_असेल_ते

सिरियलचं नाव शोभेल.

वाचनमात्र

अक आणि बडचं काय झालं ते उद्या नक्की कळवा.